कोणते इंगळे?

लोक तिकिटं जमवतात, जुनी नाणी जमवतात. माझ्याकडे आडनावाचे किस्से जमलेत, आणि त्यासाठी मला काडीचाही त्रास घ्यावा लागलेला नाही. मी नुसतं नाव सांगायचं, किस्सा समोरचा माणूस घडवून देतो! अमरावतीत घडतात, अकोल्यात घडतात, आणि आता तर परदेशातूनही घरपोच येतात.

माझं नाव देवानंद इंगळे. वऱ्हाडात दगड भिरकावला तर कोणत्या ना कोणत्या इंगळ्याच्या अंगणात पडेल, इतके आम्ही आहोत. इंगळे कुणब्यांत आहेत, माळ्यांत आहेत, देशस्थ ब्राह्मणांत आहेत आणि आम्हा बौद्धांतही आहेत. बाकीच्या आडनावांचं काम एका दमात उरकतं. आमचं उरकत नाही. नाव ऐकलं की समोरचा हसतो, मान हलवतो, आणि मग विचारतो, "कोणते इंगळे?"

याचं सरळ उत्तर 'अमरावतीचे' असं आहे. पण ते उत्तर कोणालाच नको असतं.

यातले बरेचसे किस्से माझे आणि दिवाकरचे आहेत. दिवाकरही इंगळेच, कुणब्यांतला. एका सरकारी ऑफिसात आम्ही दोघांनी अख्खी नोकरी काढली, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. किस्से ऐकताना जरा त्याच्याकडे लक्ष असू द्या. माझं तर फारच होतं.

*

दिवाकर ऑफिसात आरेखक होता, म्हणजे नकाशे काढणारा. मी आस्थापना शाखेत, म्हणजे लोकांच्या रजा आणि बदल्यांचे कागद रंगवणारा.

कॉम्प्युटर येण्याआधी नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढायचे. रेघ चुकली की दाढीचं अर्धं ब्लेड घेऊन हलक्या हातानं शाई खरवडायची आणि वरून नखानं घासून कागद गुळगुळीत करायचा. यात दिवाकरचा हात असा की साहेब कागद उजेडात धरून बघायचे, तरी जागा सापडायची नाही. तो म्हणायचा, "चुका सगळेच करतेत बाप्पा. आपली दिसत नाई, एवढंच!"

एकदा नवीन साहेब आले. त्यांनी शिपायाला सांगितलं, इंगळेंना बोलवा. शिपायानं दारातूनच विचारलं, "कोनते इंगळे साहेब? नकाशावाले का जयंतीवाले?"

जयंतीवाले म्हणजे मी! मी जन्मात कधी जयंतीची वर्गणी गोळा केली नाही. लोकांपुढे हात पसरायचा म्हटलं की माझी जीभच उचलत नाही. उलट त्या वर्षी एप्रिलातल्या जयंतीचा खजिनदार होता दिवाकर. निळा फेटा बांधून, पावतीपुस्तक घेऊन टेबलाटेबलाशी तोच हिंडत होता.

साहेब बाहेर आले, त्याचा फेटा बघितला आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही जयंतीवाले इंगळे!"

दिवाकरनं पावतीपुस्तक पाठीमागे लपवलं आणि म्हणाला, "नाई साहेब! मी नकाशावाला!"

सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. त्या वर्षी सगळ्यात जास्त वर्गणी त्यानंच जमवली होती, हेही सांगायला हवं.

*

रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात. दिवाकर आडनावाच्या मागे लागला. इंगळे आले कुठून? तो अकोल्याला जाई, म्हाताऱ्या इंगळ्यांना गाठी, चहा पिई आणि विचारी.

कोणी म्हणे इंगळ म्हणजे निखारा, आपले पूर्वज तसे तापट होते. कोणी म्हणे इंगळी म्हणजे विंचू, आपले पूर्वज विंचवाचं विष उतरवायचे. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. सगळ्यांचे पूर्वज राजस्थानातून आले होते आणि घोड्यावरून आले होते. एकाचाही पायी आलेला नव्हता!

तेव्हा माझे वडील होते. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या त्या बाजूला राहायचे. दिवाकर त्यांच्याही पाया पडला आणि आदरानं विचारलं, "काका, तुमचे पूर्वज कुठून आले?"

बाबांनी त्याला नीट न्याहाळलं. म्हणाले, "आमी कुठूनच नाई आलो बाप्पा. आमी इथंच होतो. तुमी आले तवा तुमचे घोडे आमच्याच आज्यानं धरले असन!"

दिवाकरनं ते लिहून घेतलं नाही.

*

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जीपनं चाललो होतो. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली म्हणजे काय, हे ड्रायव्हर ठरवतो. माझ्या मांडीवर कोणाची तरी पिशवी, पाठीला कोणाचं तरी कोपर. ड्रायव्हरचा स्वतःचा एक पाय बाहेर.

शेजारी एक टोपीवाले गृहस्थ होते. संत्रं सोलत त्यांनी नाव विचारलं.

"इंगळे."

"अरे! माही मावशी इंगळ्याकडेच देल्ली! तुमी तं आपलेच निंगाले!" म्हणत त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

मग चौकशी सुरू झाली. ही चौकशी ज्याची कधी झाली नाही त्याला ती गप्पा वाटते. गाव कोणतं? गावात घर कोणत्या बाजूला? देव कोणता? पाहुणे कुठले? पहिल्या तीन प्रश्नांतून मी निसटलो. चौथ्याला बायकोच्या माहेरचं आडनाव सांगितलं. ते आडनाव आमच्याशिवाय कोणात नाही.

गृहस्थ "हं" म्हणाले. उरलेलं अर्धं संत्रं पिशवीत गेलं. आणि ज्या जीपमध्ये ड्रायव्हरलाच धड बसायला जागा नव्हती, तिथं तो माणूस माझ्यापासून वीतभर सरकून बसला!

परत आल्यावर मी हे दिवाकरला सांगितलं. तो पोट धरून हसला. "मंग बरं झालं ना बे, तुले मोकळं बसाले भेटलं!"

*

माझा पुतण्या अमित अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. तिथल्या मराठी मंडळात दिवाळीला गेला. पुरणपोळी वाढता वाढता एक बाई म्हणाल्या, "इंगळे? अय्या, म्हणजे तुम्ही देशस्थ का?"

"नाही."

"मग?"

"अकोल्याचा."

"नाही हो, तसं नाही. म्हणजे आम्ही असलं काही मानत नाही हं! आपलं सहज!"

दुसऱ्या दिवशी अमितचा फोन. म्हणाला, "काका, इथं एअरपोर्टवर लोणच्याची बरणी काढून घेतात. कढीपत्त्याची काडी काढून घेतात. मग हे कसं सुटून येतं?"

मी त्याला जेवलास का म्हणून विचारलं.

*

आता माझी मुलगी. प्रज्ञा.

तिला डॉक्टर व्हायचं होतं. इथं थोडक्यात हुकलं, आणि खाजगी कॉलेजच्या पायऱ्या चढायची आमची ऐपत नव्हती. शेवटी ठरलं बल्गेरिया. नातेवाइकांनी विचारलं, हे कुठं आलं? मलाही नीट सांगता येईना. दिवाकरनं ॲटलास उघडला. "मले वाटलं रशियाच्या आतमंधी असन. हे तं तुर्कस्तानाच्या शेजारी निंगालं! तुर्कस्तान म्हंजे जवळच आलं बे!"

तो आणि वहिनी बडनेरा स्टेशनवर पोचवायला आले. वहिनींनी तिळाची चटणी आणि ठेच्याची बाटली दिली. दिवाकर डब्यात चढून सामान लावून आला आणि उतरताना डोळे पुसत होता. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी तो माझा सख्खा भाऊ होता.

त्याच सुमाराला त्यानं मोबाइलवर एक ग्रुप काढला होता, 'समस्त इंगळे परिवार'. त्यात पहिल्याच दिवशी मला घातलं. म्हणाला, "आडनाव एक, परिवार एक!" आणि घरी भिंतीएवढ्या ट्रेसिंग पेपरवर जुन्या पद्धतीनं, टाकानं आणि शाईनं, जगाचा नकाशा काढायला घेतला. परदेशात जिथं इंगळे, तिथं लाल ठिपका. ह्यूस्टनला चार, मस्कतला पाच, म्युनिकला दोन, मेलबर्नला तीन.

प्रज्ञा पोचल्याचा फोटो आला तसा मी तो घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं माझ्यासमोर शाईची बाटली उघडली, श्वास रोखला आणि काळ्या समुद्राच्या काठावर एक ठिपका दिला. मग मागे सरून म्हणाला, "मस्कतमंधी तं गर्दी झाली. पन हे पाह्य देवा! आख्ख्या देशात एकटी!"

मला रडू आलं. त्यानंतर त्याच्या घरी चहाला गेलो की पहिली नजर त्या ठिपक्यावर. पोरगी हजारो मैल लांब, पण इथं राजापेठेतल्या एका भिंतीवर ती आहे, आणि तिला दिवाकरनं ठेवलंय, याचा मला फार आधार वाटायचा. हसा खुशाल.

*

प्रज्ञा ज्या आजीबाईंच्या घरी भाड्यानं राहते, त्यांचं आडनाव स्तोयानोवा. नवऱ्याचं स्तोयानोव, बायकोचं स्तोयानोवा. त्यांच्याकडे आडनावाचं शेपूट बाईसाठी वेगळं असतं. आजींनी एकदा विचारलं, "तुझे वडील इंगळे, तर तू इंगळेवा का नाहीस?"

नावाचा उगमही त्यांनीच सांगितला. स्तोयान म्हणजे टिकून राहा. पोरं जगत नसली की जन्मलेल्या पोराचं हे नाव ठेवायचे. आपल्याकडे धोंडू, दगडू ठेवतात तसंच! पुढं त्याचं आडनाव झालं. पण टिकून राहा म्हटलेले सगळे निघून गेले. एक मुलगा जर्मनीत, एक स्पेनमध्ये, दीर शिकागोला. आजी म्हणाल्या, "आमच्या गावात आता या आडनावाची मी एकटी उरलेय. शिकागोत म्हणे गल्लीच्या गल्ली आहे."

गेटावर आजींची पत्रपेटी आहे. तिच्यावर त्यांनी स्वतःच्या नावाखाली प्रज्ञाच्या नावाची पाटी लावली, बल्गेरियन अक्षरांत 'इंगळे'. प्रज्ञानं लगेच फोटो पाठवला. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत, पण चित्रासारखी पाठ झालीत.

मग आजींनी विचारलं, "तुमच्याकडे आडनावावरून काय कळतं?"

"मी म्हटलं, गाव कळतं," प्रज्ञा मला फोनवर सांगत होती. "तेवढ्यावरच थांबले, बाबा. पुढचं सांगण्याइतकं बल्गेरियन मला अजून येत नाही!"

*

मग अकोल्यात परिवाराचं संमेलन भरलं. मंगल कार्यालय, रोडगे आणि वांग्याच्या भाजीचं जेवण, आणि दारातच दिवाकरचा नकाशा. लोक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढत होते. दिवाकर नवरदेवासारखा मिरवत होता.

अध्यक्ष होते अण्णासाहेब इंगळे, अकोल्याचे मोठे रिटायर्ड अधिकारी. त्यांनी चष्मा सरकवून एकेक ठिपका पाहिला. बल्गेरियावर थांबले.

"हा कोणाचा?"

"आपल्या देवानंदची पोरगी," दिवाकर म्हणाला. "डॉक्टर होऊन राहिली."

"कोणते देवानंद?"

मी मागेच ताट घेऊन उभा होतो. दिवाकरनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा म्हणेल, हे काय, माझा देवानंद. एवढे चारच शब्द लागत होते.

तो म्हणाला, "आपले… म्हंजे माह्या ऑफिसातले होते."

"असं होय," अण्णासाहेब म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. मोठ्या माणसांचा चढत नाही. "नकाशा परिवाराचा आहे ना दिवाकर?" एवढंच विचारून ते हात धुवायला गेले.

पुढच्या आठवड्यात मी चहाला गेलो. नकाशा परत भिंतीवर लागला होता. नजर सवयीनं काळ्या समुद्राकडे गेली.

दिवाकरचा हात काही विसरला नव्हता. एक ओरखडा नाही, लाल रंगाची एक छटा नाही. परक्या माणसाला वाटलं असतं, इथं कधी काही नव्हतंच. मी बोट फिरवलं तेव्हा कागद तेवढ्या जागी पातळ लागला.

दिवाकर खाली बघून बशीत चहा ओतत होता. "अबे, कागदावरून काढलं, मनातून थोडीच काढलं? लोकं आयकत नाईत ना बाप्पा. मी एकटा कोनाकोनाशी भांडू?"

वहिनींच्या हातचा चहा नेहमीसारखाच झाला होता, आणि मला त्याचाच राग आला. मी कप अर्धा ठेवून उठलो. त्या घरात मी अर्धा कप कधी ठेवला नव्हता. दिवाकरनं तो पाहिला.

ग्रुपमधून मात्र मला कोणी काढलं नाही. तेवढी सभ्यता आम्हा इंगळ्यांत आहे!

*

आता शेवटचा.

यंदा अण्णासाहेबांच्या नातवाचंही इथलं हुकलं. त्यालाही बल्गेरियात प्रवेश मिळाला, आणि शहर तेच, प्रज्ञाचं. बऱ्याच महिन्यांनी दिवाकरचा फोन आला.

"देवा, अण्णासाहेबाचा नातू चालला तिकडे. पोरीले सांग ना जरा, एअरपोर्टवर जाय म्हनून. आपलाच पोट्टा आहे."

मी विचारलं, "कोनता आपला?"

तो म्हणाला, "आता तूही असं बोलशीन का बे?"

मी प्रज्ञाला सगळं सांगितलं. ठिपक्याचंही सांगितलं, जे इतके दिवस लपवलं होतं. ती म्हणाली, "बाबा, थंडीत उभं राहणाऱ्या पोराचा त्यात काय दोष?"

गेली ती. पोरगं अंगात एक पातळ स्वेटर घालून उतरलं होतं. प्रज्ञानं त्याला आपला कोट दिला. हॉस्टेलची खोली तयार नव्हती, म्हणून आजींनी स्पेनमधल्या मुलाची बंद खोली उघडून दिली. प्रज्ञानं त्याला खिचडी करून घातली, तिथली अक्षरं शिकवली, कॉलेजात नेऊन त्याचं नाव नोंदवलं. आजींनी त्याचा पासपोर्ट पाहिला आणि आडनाव वाचून टाळ्या वाजवल्या. "इंगळे! तुझा भाऊ!"

प्रज्ञा म्हणाली, "हो."

हे तिनं मला फोनवर सांगितलं आणि वर म्हणाली, "घरच्यांना पाठवायला फोटो हवा होता त्याला. गेटापाशी उभं करून छान काढून दिला मी."

संध्याकाळी तो फोटो ग्रुपवर आला. अण्णासाहेबांनीच टाकला होता. पोरगा गोड हसत होता. अंगात प्रज्ञाचा कोट. त्याच्या खांद्याशेजारी गेटावरची पत्रपेटी, आणि तिच्यावर ती पाटी, जिची अक्षरं मला पाठ आहेत.

खाली लिहिलं होतं, "बल्गेरियाच्या भूमीवर पहिला इंगळे! समस्त परिवाराला अभिमान!"

मस्कतहून हात जोडलेले आले. मेलबर्नहून फुलं आली. मग दिवाकरनं नकाशाचा फोटो टाकला. काळ्या समुद्राच्या काठी नवीन लाल ठिपका, त्याच जागी. खरवडलेल्या कागदावर शाई नीट धरत नाही, थोडी फुटली होती. दिवाकरच्या हातचा फुटलेला ठिपका मी पहिल्यांदाच पाहत होतो.

म्युनिकच्या कोणीतरी विचारलं, "फोटो एकदम झकास! काढला कोणी?"

मग वर दिसायला लागलं, दिवाकर लिहितोय. थांबला. पुन्हा लिहितोय. पुन्हा थांबला. मी फोन हातात धरून बसलो होतो.

मग त्याचं उत्तर आलं.

"असन तिथलंच कोनीतरी."